छप्पर नसलेल्या गाडीचा ताठपणा

मोटारगाडीचे छप्पर काढून टाकले की ती अधिक देखणी दिसते आणि त्याच क्षणी दुबळीही होते. देखणेपण सर्वांच्या नजरेत भरते. दुबळेपण मात्र चालवणाऱ्याच्या हाताला आणि बैठकीलाच काय ते जाणवते. या दुबळेपणावर उपाय म्हणून गाडीच्या सांगाड्याला पोलादी दांड्या व पट्ट्या बोल्टांनी जोडण्याची पद्धत पाश्चात्त्य देशांतील हौशी मंडळींत रूढ आहे. या दांड्यांना ‘चॅसिस ब्रेस’ म्हणतात. धर्मगुरूने अशा विषयावर लेखणी चालवावी याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु आमच्या परिचयाच्या एका कुटुंबात या दांड्यांवरून पेच उभा राहिला होता आणि तो सुटेपर्यंत आम्ही त्याचे साक्षीदार होतो. इतकेच नव्हे, तर पाना धरणारे मदतनीसही होतो.

प्रथम मूळ मुद्दा समजून घेऊ. बुटांचा पुठ्ठ्याचा रिकामा खोका घ्यावा. झाकण घट्ट लावून, कडेने चिकटपट्टी मारून, त्याची दोन टोके दोन हातांत धरावीत आणि ओले धुणे पिळतात तसा तो पिळून पाहावा. तो फारशी दाद देत नाही. आता झाकण काढून पुन्हा तसेच करावे. खोका लगेच वेडावाकडा होतो. पुठ्ठा तोच, हातांचे बळ तेच. केवळ सहावी बाजू नाहीशी झाली. गाडीचे पुढचे डावे चाक खड्ड्यात आणि मागचे उजवे चाक उंचवट्यावर असते तेव्हा गाडीलाही असाच पीळ बसतो. बंद गाडी तो पीळ सहाही बाजूंनी वाटून घेते. उघडी गाडी पाच बाजूंनी, आणि त्यांतही दोन बाजूंना दारांची मोठी भोके.

पूर्वीच्या मोटारींत ही अडचण वेगळ्या स्वरूपाची होती. त्यांच्या पोटाखाली शिडीसारखी लोखंडी चासी असे आणि वरचा सांगाडा तिच्यावर नुसता ठेवलेला असे. ट्रक आणि जीप यांची रचना आजही तशीच असते. १९२२ साली इटलीच्या लान्चिया कंपनीने ‘लाम्ब्दा’ नावाची गाडी लोकांसमोर आणली. तिला वेगळी चासीच नव्हती. सारा भार तिचे पत्र्याचे कवच पेलीत होते. पुढे तीच रीत जगभर पसरली. आपल्याकडील अ‍ॅम्बॅसिडर आणि प्रीमियर पद्मिनी, ज्यांतून आपल्यापैकी कित्येकांच्या आईवडिलांच्या वराती चर्चच्या दारी आल्या, त्याही याच जातीच्या. अशा गाडीचे छप्पर कापणे म्हणजे डोक्यावरची टोपी उतरविणे नव्हे, तर फासळ्या काढून घेणे होय.

गमावलेला ताठपणा कोठून तरी भरून काढावा लागतो. १९५४ साली मर्सिडीज कंपनीने ‘३०० एसएल’ ही गाडी न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात मांडली. तिचा सांगाडा बारीक नळ्यांच्या त्रिकोणांनी गुंफलेला होता. परंतु त्यासाठी दाराखालचा उंबरा इतका उंच ठेवावा लागला की नेहमीचे दार बसविणेच अशक्य झाले. म्हणून दारे छपराला टांगली, आणि ती उघडली की पक्ष्याने पंख पसरावेत तशी दिसत. लोक आजही त्या दारांच्या सौंदर्याचे गोडवे गातात. ते सौंदर्य उंबऱ्याच्या अडचणीतून जन्मले, हे फार थोड्यांना ठाऊक असते. इंग्लंडच्या कॉलिन चॅपमन यांनी १९६२ सालच्या ‘लोटस एलान’मध्ये दुसरी युक्ती केली: गाडीच्या मधोमध पाठीच्या कण्यासारखी पोलादी पेटी घातली आणि बाहेरचे कवच फायबरग्लासचे ठेवले.

एलानसारख्या हलक्या, उघड्या, दोनच माणसांच्या इंग्रजी गाड्यांची आठवण मनात ठेवून जपानच्या माझदा कंपनीने ‘एमएक्स-५’ ही गाडी घडविली आणि फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात ती मांडली. २०१६ साली या गाडीची दहा लाखावी प्रत कारखान्यातून बाहेर पडली. वजन जेमतेम हजार किलोच्या घरातले, चारही चाकांना दुहेरी विशबोन पद्धतीचे सस्पेन्शन, गिअरबॉक्सपासून मागच्या आसापर्यंत अ‍ॅल्युमिनिअमचा एक लांब दुवा. अशी ही साधी व प्रामाणिक गाडी. तरीही ती उघडी आहे, आणि ते तिच्या निर्मात्यांनीही ओळखले होते. १९९३ साली मोठे इंजिन बसविताना त्यांनी स्वतःच पोटाखाली जादा ब्रेस घातले आणि आसनांच्या पाठीमागे, पट्ट्यांच्या दोन खांबांना जोडणारी एक आडवी दांडी टाकली. हौशी मंडळी पुढे जे करू लागली त्याचा धडा कारखान्यानेच घालून दिला होता.

आता त्या कुटुंबाकडे वळू. २०१७ साली इंग्लंडमधील कॉव्हेंट्री शहरी एका पॅरिशमध्ये आम्ही साडेतीन महिने मदतनीस धर्मगुरू म्हणून राहिलो होतो. तेथे वसईकडील एक तरुण जोडपे होते. पत्नी इस्पितळात परिचारिका, पती एका गोदामात पर्यवेक्षक. लहानपणी वडिलांच्या सायकलच्या दुकानात वाढलेल्या या मुलाला यंत्रांचे वेड. त्याने दीड हजार पौंडांना १९९९ सालची एमएक्स-५ घेतली होती. वळणावर ती थरथरते, आरशातले चित्र पुसट होते, दारे कुरकुरतात, अशी त्याची तक्रार होती. त्यावर उपाय म्हणून त्याने चारशे पौंड मोजून ब्रेसचा संपूर्ण संच मागविला. इंजिनाच्या वरून जाणारी आडवी दांडी, पोटाखालची मोठी चौकट, उंबऱ्यांना बांधणाऱ्या पट्ट्या, सारे खोक्यांत येऊन पडले. इकडे वसईत त्याच्या आईचा जीव टांगणीला लागला होता. तिचा आम्हांस फोन आला: “फादर, तुमचं तरी तो ऐकेल. सुनेला दिवस गेलेत, आणि हा तिला त्या बिनछपराच्या गाडीतून फिरवतो. त्याला सांगा, विकून टाक म्हणावं.”

आम्ही त्याला तसे सांगितले नाही. सेमिनरीच्या आवारात एका जुन्या जीपखाली आमचीही काही वर्षे गेली आहेत. गाडी न पाहता तिच्याविषयी मत देऊ नये, एवढे त्या जीपने आम्हांला शिकविले होते. त्याच पॅरिशमधील एक वयस्क गृहस्थ तरुणपणी कॅनली येथील ट्रायम्फच्या कारखान्यात कामाला होते. १९८० साली त्या कारखान्यात मोटारी जोडणे बंद झाले, तेव्हापासून त्यांनी स्वतःचे छोटे गॅरेज चालविले. त्यांच्याकडे गाडी न्यावी असे आम्ही सुचविले. तरुण खोक्यांसह तयारच होता.

त्या गृहस्थांनी खोक्यांकडे पाहिलेही नाही. गाडी वर उचलताच त्यांनी एक लहानशी हातोडी घेतली आणि दाराखालचा उंबरा पुढून मागे ठोकत नेला. धड पत्रा टणटणतो, किडलेला दबका आवाज देतो. मागच्या चाकाच्या अलीकडे वीतभर जागेत आवाज बदलला. त्यांनी स्क्रूड्रायव्हरचे टोक तेथे टेकवून दाबले आणि ते मुठीपर्यंत आत गेले. आधीच्या कोण्या गॅरेजने त्या जागी लांबी भरून वर जाड काळा रंग फासला होता.

या गाडीच्या कापडी छपरावरील पाणी कडेच्या पन्हळीतून आसनांमागे उतरते आणि मागील चाकांच्या पुढे खाली पडते. त्या वाटेत पाने व माती अडकली की पाणी उंबऱ्याच्या पोटात शिरते आणि तेथेच मुरते. हिवाळ्यात बर्फ वितळावे म्हणून इंग्लंडच्या रस्त्यांवर मीठ टाकतात. ते बाहेरून खाते. अशा रीतीने दोन्ही बाजूंनी गंज चढतो. आणि उघड्या गाडीत उंबरा हाच तर मुख्य आधार! बंद गाडीचा उंबरा गंजला तर छप्पर थोडा काळ भार उचलते. इथे छप्परच नाही.

तरुणाचा चेहरा उतरला, पण आशा सुटली नव्हती. संचातील पट्ट्या नेमक्या उंबऱ्यालाच बसतात, तेव्हा त्या आवळल्या की काम भागेल, असे त्याचे म्हणणे. म्हातारबुवा शांतपणे उत्तरले: “बोल्ट कशात आवळणार? पोपडे धरलेल्या भिंतीत खिळा ठोकून त्याला पाळणा टांगशील का?” पाळण्याचा उल्लेख त्यांनी सहज केला होता. घरची बातमी त्यांना ठाऊक नव्हती.

त्या देशात तीन वर्षांहून जुन्या बहुतेक गाड्यांची दरवर्षी सरकारमान्य तपासणी होते. आसनाच्या पट्ट्याची किंवा सस्पेन्शनची खुंटी जेथे रोवलेली असते, तेथून ३० सेंटिमीटरच्या आत पत्रा फार गंजला असेल तर गाडी नापास होते. हा ३० सेंटिमीटरचा नियम आम्हांला फार शहाणपणाचा वाटला. म्हातारबुवांनी खिशातली फूटपट्टी काढून मोजले. भोकापासून डाव्या आसनाच्या पट्ट्याची खुंटी एक वीतसुद्धा दूर नव्हती. इंग्लंडमध्ये चालक उजवीकडे बसतो. म्हणजे डावे आसन पत्नीचे. आम्ही तरुणाला एवढेच म्हणालो, “गाडीचं तुला काय करायचं ते तू ठरव. पण हे नीट होईपर्यंत त्या सीटवर तिला बसवू नकोस.” त्याने मान हलविली. त्या दिवशी तो एकटाच गाडी चालवीत घरी गेला आणि आम्ही त्याच्या पत्नीसह बसने परतलो. वाटेत तिला सारे सांगितले. ती परिचारिकाच, म्हणाली, “फादर, हाड मोडलं असताना वरून नुसता पट्टा बांधून चालत नाही. आधी हाड जुळायला हवं.” आणि मग थोड्या वेळाने, “पण त्याला गाडी विकायला नका सांगू. इथं आल्यापासून त्यानं स्वतःसाठी घेतलेली ही एकच वस्तू आहे.”

वेल्डिंगचा खर्च सातशे पौंड निघाला. इंजिनावरून जाणारी दांडी त्याने खोके न फोडता परत केली आणि तिचे शंभरएक पौंड सुटले. ती परत करण्याचा सल्ला म्हातारबुवांचाच. त्यामागील कारण ऐकण्याजोगे आहे. ज्या गाड्यांत मॅकफर्सन पद्धतीचा स्ट्रट असतो, त्यांत वळणावरचा आडवा जोर स्ट्रटच्या माथ्याशी, म्हणजे इंजिनाच्या दोन्ही बाजूंच्या पत्र्यांच्या मनोऱ्यांवर येतो. तेथे अशी दांडी उपयोगी पडते. एमएक्स-५ मध्ये विशबोनचे दोन्ही हात खालच्या जाड आडव्या चौकटीला जोडलेले असतात. मनोऱ्यांवर मुख्यतः स्प्रिंगचा उभा भार येतो. तेव्हा तेथील दांडी अगदीच निरुपयोगी नव्हे, पण तिचा लाभ थोडा. बॉनेट उघडल्यावर ती चमकते, आणि बहुतेक जण तिच्यावरच आधी पैसे खर्च करतात! चिखलात दडणाऱ्या चौकटीचे काम अधिक मोलाचे असते, परंतु ती मित्रांना दाखविता येत नाही.

तीन शनिवार काम चालले. आसने, गालिचे, बॅटरी बाहेर निघाली. कुजलेला पत्रा कापून, आतला आणि बाहेरचा असे दोन्ही थर नव्याने घालून, तुटक टाके न देता सलग वेल्डिंग केले. पन्हळीची वाट मोकळी केली, पोकळीत पातळ मेण फवारले. प्रत्येक टप्प्याची छायाचित्रे काढावयास म्हातारबुवांनी तरुणास बजावले होते.

त्यानंतरही ब्रेसची पाळी आली नाही. आधी अठरा वर्षांचे रबरी बुश बदलले, टायर नवे घातले, चारही चाकांचे अलाइनमेंट करून घेतले. ज्याला लोक ‘सांगाड्याचा ढिलेपणा’ म्हणतात, त्यात बराच वाटा जुन्या रबराचा असतो, असे म्हातारबुवांचे अनुभवाचे बोल. आणि खरोखर, एवढ्यानेच गाडीची अर्धी कुरकुर थांबली. तरुण तेथेच थांबला असता तरी चालले असते, असे आमचे मत. पण खोकी घरात पडून होती, आणि हौस हीही एक भूकच आहे.

ब्रेस बसविताना आम्ही पाना धरला. एक गोष्ट तेव्हा नीट कळली. गाडी चार खांबांच्या लिफ्टवर, स्वतःच्या चाकांवर उभी ठेवून काम केले. जॅकवर तोलून नव्हे. एका कोपऱ्याखाली जॅक लावला की उघडी गाडी किंचित पिळली जाते. त्या स्थितीत ब्रेस आवळले तर पीळ कायमचा कोंडला जातो आणि मग दार नीट लागत नाही. आणखी असे की, सगळे बोल्ट प्रथम हातानेच फिरवून बसवावेत, एकही अडखळत नाही याची खात्री करावी, आणि मगच टॉर्क पान्याने, समोरासमोरचे असे आळीपाळीने, ठरलेल्या मापापर्यंत कसावेत. अंगची सारी ताकद लावणे हे आपल्याकडील गॅरेजांत शौर्य समजले जाते. तेथे म्हातारबुवांनी आमच्या हातून पाना काढून घेतला असता. दांडी सरळ असावी हेही त्यांचे ठाम मत. मध्ये बाक दिलेली दांडी म्हणजे केवळ एक कडक स्प्रिंग.

या साऱ्या खटाटोपाचा उपयोग काय? ब्रेस गाडीला वेगवान करीत नाहीत. वजन तेवढे दहाबारा किलोंनी वाढवितात. त्यांचे खरे काम स्प्रिंग आणि शॉक अ‍ॅब्झॉर्बर यांना स्थिर जागा देणे हे आहे. सांगाडा स्वतःच लवत असेल तर तोही एक स्प्रिंगच ठरतो, आणि त्याला आवरणारा शॉक अ‍ॅब्झॉर्बर नसतो. पुढच्या चाकांनी वळणाची आज्ञा घेतली तरी मागची चाके ती क्षणभर उशिरा ऐकतात. पुढील आणि मागील चाकांत भार कसा वाटावा हे गणित अभियंते आपल्या परीने जुळवितात, परंतु मधला दुवा पिळला की ते गणितही विस्कटते. वाडीवरचे लाकडी फाटक आठवावे. चार फळ्यांची चौकट कितीही जाड घेतली तरी ती हळूहळू कलंडते आणि जमिनीला घासू लागते. सुतार एक तिरपी पट्टी ठोकतो आणि फाटक सरळ होते. चौकोन आकार बदलू शकतो, त्रिकोण बदलू शकत नाही. आपल्या कौलारू घरांची कैची याच न्यायाने उभी असते.

काम झाल्यावर तरुणाने आम्हांस शहराबाहेरच्या अरुंद, वळणावळणाच्या रस्त्याने नेले. पूर्वी, त्याच्या सांगण्याप्रमाणे, गाडी प्रत्येक वळणावर दोनदा वळायची: आधी नाक, मग शेपूट. आता ती एकदाच वळत होती. आरशात मागच्या हिरव्या कुंपणाचे पानन् पान दिसत होते. खड्ड्याचा धक्का कमी झाला नव्हता, पण तो बसून संपत होता. पूर्वीसारखा दारांतून घुमत राहत नव्हता. विमा कंपनीला या बदलांची लेखी खबर त्याने आधीच दिली होती. तेथे न कळविलेला बदल अपघातानंतर दावा नाकारण्यास पुरेसे निमित्त होतो.

ताठपणाचाही अतिरेक होऊ शकतो. त्याच मुक्कामात फ्रान्समधील बोव्हे येथील कॅथीड्रल पाहण्याचा योग आला. त्याची कमान सुमारे ४८ मीटर उंच आहे. १२८४ साली तिचा काही भाग कोसळला होता. बाहेरील आधारकमानींना पुढे लोखंडी दांड्यांनी एकमेकींशी जोडले गेले. १९६० च्या दशकात त्या दांड्या विद्रूप दिसतात म्हणून बऱ्याचशा काढून टाकल्या, तेव्हा इमारत वाऱ्याने डोलू लागली. घाईने दांड्या परत बसविल्या, पण या खेपेला पोलादाच्या. त्या जुन्या लोखंडाइतक्या लवचीक नव्हत्या, आणि त्यामुळेच नव्या भेगा पडल्या असाव्यात अशी शंका जाणकारांना आहे. आत आडव्यातिडव्या प्रचंड तुळया लावलेल्या आम्ही पाहिल्या आणि कॉव्हेंट्रीच्या गॅरेजची आठवण झाली. एका जागी अति ताठपणा दिला की पीळ शेजारच्या दुबळ्या जागेकडे सरकतो. म्हणून म्हातारबुवांनी संचातील दोन पट्ट्या खोक्यातच राहू दिल्या.

मुलगी जन्मली. बाळाच्या आसनाची सोय व्हावी म्हणून चार दारांची एक साधी गाडी घरी आली, आणि लाल गाडी रविवारपुरती उरली. २०२० साली त्याने ती विकावयास काढली. जाहिरातीत त्याने ब्रेसचा उल्लेख केलाच, शिवाय उंबरा कापून नव्याने घातल्याचेही लिहिले आणि छायाचित्रे जोडली. मित्रांनी त्याला वेड्यात काढले. वेल्डिंगचे नाव काढताच किंमत पडते, असे ते म्हणाले, आणि ती दोनशे पौंडांनी पडलीही. अखेर एक पोक्त गिऱ्हाईक आले. त्यांनी ओल्या फरशीवर वर्तमानपत्र अंथरले, विजेरी घेऊन ते उताणे गाडीखाली सरकले, आणि ब्रेसच्या पोलादी चौकटीवरून नजर तशीच पुढे नेत, बोटांच्या पेरांनी उंबरा टकटक वाजवू लागले.